शंभर मायक्रॉनची अब्रू

नवी गाडी घेतलेला माणूस लांबूनही ओळखू येतो. गाडी लावून तो सरळ चालू पडत नाही. आधी गाडीभोवती एक प्रदक्षिणा होते. मग चार पावलं पुढे जाऊन मागे वळून पाहणं होतं. मग परत येऊन शेजारच्या स्कूटरचं हँडल आपल्या दाराकडे किती वळलंय याची पाहणी होते, आणि स्कूटर परक्याची असूनही ते हँडल हळूच पलीकडे फिरवलं जातं. कुटुंब तोवर हॉटेलात मिसळ मागवून मोकळं झालेलं असतं. गृहस्थ खिडकीसमोरची खुर्ची धरतात. समोर बायको असते, पण नजर तिच्या खांद्यावरून पार्किंगकडे. लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर नवरा आपल्या दिशेने इतकं टक लावून पाहतोय म्हणून बायको क्षणभर सुखावते, आणि मग तीही मागे वळून बघते.

ज्या वस्तूसाठी हा पहारा चालतो तिची जाडी साधारण शंभर ते सव्वाशे मायक्रॉन. माणसाचा केस सत्तर-ऐंशी मायक्रॉनचा धरला, तर दीड केस. गाडीत इंजिन असतं, गिअर असतात, ब्रेक असतात, सहा-सहा एअरबॅगा असतात. त्यांची काळजी कंपनीने करायची. मालकाची सगळी अब्रू त्या दीड केसात.

आणि रंगाच्या त्या दीड केसातही मजले आहेत. उघडा पत्रा आधी फॉस्फेटच्या द्रावणातून काढतात. मग अख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून वीज सोडतात, म्हणजे गंज रोखणारा थर कानाकोपऱ्यात जाऊन बसतो. तो भट्टीत भाजला की वर प्रायमर, त्यावर बेसकोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअरकोट. शोरूममधला मुलगा ज्या रंगाचं नाव सांगायला पूर्ण श्वास घेतो, तो रंग म्हणजे हा मधला बेसकोट, जेमतेम पंधरा-वीस मायक्रॉनचा. आपण मायेने हात फिरवतो तो त्याच्या वरच्या पारदर्शक थरावर. म्हणजे नव्या गाडीच्या रंगाला मालकाचा हात कधी लागतच नाही. लागतो तेव्हा गाडी नवी राहिलेली नसते.

या रंगाचा जन्म कडक सोवळ्यात होतो. आपल्या पुणे जिल्ह्यातच चाकणच्या पट्ट्यात फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला. मर्सिडीज आणि महिंद्राही तिथलेच शेजारी. मोटारींच्या रंगखात्यात शिरताना धागा न सुटणारा अंगरखा चढवावा लागतो, हवेच्या झोतात उभं राहून अंगावरची धूळ झाडून घ्यावी लागते. सिलिकॉन असलेलं डिओडरंट, केसांचं क्रीम, हाताचं लोशन आत वर्ज्य, कारण त्याचा अंश ओल्या रंगापर्यंत पोचला तरी तिथे रंग धरत नाही, बारीकसा खड्डा पडतो. जिल्ह्यातल्या कुठल्या गाभाऱ्यातही इतकं सोवळं पाळत नसतील. आणि एवढ्या सोवळ्यातली गाडी फाटकाबाहेर पडते ती थेट पुणे-नाशिक रस्त्यावर, खडीच्या डंपरमागे.

आमचे एक स्नेही मूळचे आहुप्याचे. आंबेगाव तालुक्यात सह्याद्रीच्या पार कडेला बसलेलं हे गाव. गृहस्थ नोकरीसाठी भोसरीला असतात. त्यांनी पाडव्याच्या मुहूर्तावर पांढरी गाडी घेतली. गाडीला पहिला चरा कधी पडतो, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक लोक 'रस्त्यावर' असं देतील. ते साफ चूक आहे. पहिला चरा पूजेला पडतो.

शोरूममध्ये गाडी सॅटिनच्या कापडाखाली झाकलेली असते. टाळ्या वाजल्या की चौघे जण ते कापड सर्रकन ओढतात, आणि त्यावर साचलेली धूळ छपरापासून बॉनेटपर्यंत घासत खाली येते. फुलांच्या हाराला आतून तार असते, आणि ती तार आरसा आणि लोगो यांच्यामध्ये ताणून बांधली जाते. गृहलक्ष्मी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढते, आणि अनामिकेतली अंगठी त्या स्वस्तिकाची एक फिकी प्रत शेजारीच उमटवत जाते. हळदीचा पिवळा डाग पांढऱ्या रंगावर दिसतो, पण त्याची धास्ती नको. हळदीतला पिवळा रंग उन्हात विरतो. अंगठीची प्रत मात्र ऊन पडलं की जास्तच खुलते. शेवटी नारळ. तो जमिनीवर फोडायचा असतो, पण करवंटीचे तुकडे कुठल्या दिशेने उडावेत हे कुणी ठरवायचं? हे सगळं करणारी माणसं गाडीच्या वाईटावर टपलेली नसतात. उलट गाडीचं भलं व्हावं म्हणूनच जमलेली असतात. गाडीच्या रंगाचा सगळा इतिहास या एका वाक्यात सांगता येईल.

शोरूमवाल्याने जाता जाता 'पीपीएफ करून घ्या साहेब' असं सुचवलं होतं, म्हणून गृहस्थ एका दुकानात चौकशीला गेले. मी सोबत होतो. दुकानदाराने आम्हाला बसवून एक ज्ञानसत्रच घेतलं. रंगावर घालायची पांघरुणं अनेक. मेण हे सगळ्यात गरीब, दोन-चार महिन्यांत उतरतं. सिरॅमिक कोटिंग म्हणजे सिलिकेच्या जातीचा एक-दोन मायक्रॉनचा थर. त्यावर पाणी ठरत नाही, घाण लवकर सुटते, चमक राहते. "पण दगड?" गृहस्थांनी विचारलं. दगडाला सिरॅमिक काय करणार? त्याचं काम पाणी घालवायचं, दगडाशी त्याचं वैर नाही. दगडासाठी पीपीएफ, म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म, दीडशे ते दोनशे मायक्रॉनची. रंगापेक्षा रंगाचं पांघरूण जाड! वर बारीक चरा पडला तर उन्हाने किंवा गरम पाण्याने तो आपोआप भरून येतो. ही युक्ती मुळात मोटारींसाठी निघालेलीच नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरची पाती धुळीने आणि खड्यांनी झिजू लागली, तेव्हा अमेरिकी लष्करासाठी थ्रीएम कंपनीने अशी फिल्म काढली. युद्ध संपलं, फिल्म उरली, ती आता भोसरीत मिळते.

भाव गाडीच्या मापाप्रमाणे साठ-सत्तर हजारांपासून दीड-दोन लाखांपर्यंत. गृहस्थांनी आकडा ऐकून पाणी मागितलं. दुकानदाराने ते आधीच मागवून ठेवलेलं होतं. स्वस्तातला उपाय म्हणून पुढे लोखंडी बंपर गार्ड बसवावा का, असंही गृहस्थांनी विचारून पाहिलं. पण डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा गार्डांवर कारवाई करा म्हणून राज्यांना कळवलेलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली ते बसत नाहीत. म्हणजे टवका वाचवायला जावं आणि पावती फाडून यावं. अखेर निर्णय मातोश्रींनी दिला. "आधी गावी नेऊन देवाला दाखव. देवाचं कुंकू गाडीला लागू दे, प्लॅस्टिकला नको." यावर दुकानदाराकडेही उत्तर नव्हतं.

त्याप्रमाणे आम्ही चैत्रातल्या एका सकाळी निघालो. चाकणपर्यंत रंगाला कसलाही धोका नव्हता. टवका उडायला वेग लागतो. वेग दुप्पट झाला की खड्याच्या आदळण्यातली ऊर्जा चौपट होते, हा शाळेतला नियम आहे. चाकणच्या कोंडीत गाडी ज्या गतीने सरकते त्या गतीत दगडाने आदळायचं मनात आणलं तरी त्याला जमणार नाही. तिथे उडतो तो फक्त संयम.

राजगुरुनगर मागे पडलं, रस्ता मोकळा झाला आणि डंपर दिसू लागले. त्यातली खडी म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा कातळ. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी लाव्हा थिजून तो झाला, तेव्हा डायनासोरांचे शेवटचे दिवस चालले होते. एका बाजूला हा डायनासोर पाहिलेला दगड, दुसऱ्या बाजूला पाडव्याला जन्मलेला क्लिअरकोट. या सामन्यात पैज लावायला कुणी बसलंच नसतं. यावरचा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे डंपरपासून लांब राहणं, कारण मागच्या चाकांतून सुटलेला खडा थोडं अंतर मिळालं की खाली बसतो. गृहस्थांनी अंतर सोडलं. त्या अंतरात एक टेम्पो शिरला. त्यांनी टेम्पोपासून अंतर सोडलं. त्यात दोन मोटारसायकली आणि एक जीप शिरली. शास्त्राप्रमाणे अंतर राखणारा माणूस आपल्या रस्त्यांवर मागे मागे जात पुन्हा चाकणला पोचू शकतो.

शेवटी व्हायचं तेच झालं. पावसाळ्याआधी रस्ते उरकण्याची घाई सुरू होती. एका ठिकाणी डांबर शिंपडून वर बारीक खडी पसरून ठेवली होती. ती दाबायचं काम रोलरने करायचं की येणाऱ्या-जाणाऱ्या जनतेने, हे तिथल्या कोणाला माहीत नव्हतं. समोरून एक एसयूव्ही सुसाट आली आणि बॉनेटच्या कडेला 'टण्' झालं. आवाज अगदी लहान होता. गाडीत मात्र दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग मातोश्री म्हणाल्या, "गेली एकदाची दृष्ट."

मंचरहून घोडेगावकडे वळलो. गळीत हंगामाच्या शेवटच्या ट्रॉल्या रस्त्यावर होत्या. उसाची ट्रॉली कायद्याने जेवढी रुंद असते त्याच्या पलीकडे दोन्ही बाजूंना वाढे लोंबत असतात आणि ते शेजारून जाणाऱ्या प्रत्येक गाडीवर झाडू फिरवतात. डिंभ्याचं धरण आलं, हुतात्मा बाबू गेनू सागराचं पाणी दिसू लागलं, आणि रस्त्याने अंग चोरलं. आता दोन्ही बाजूंना कारवी आणि करवंदाच्या जाळ्या. करवंदाचा काटा घासतो दारावर, पण शिरशिरी येते मालकाच्या दातांत. गृहस्थ दर जाळीला 'स्स्स' करत होते. मागे बसलेल्यांना वाटलं, टायरमधून हवा जाते आहे.

एका वळणावर समोरून एसटी आली. एक गाडी जाईल एवढाच डांबरी रस्ता, डावीकडे जाळी, उजवीकडे उतार. एसटीची पहिली फेरी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. तेव्हापासून आजवर तिने समोरच्याच्या रंगाचा विचार करून बाजू दिल्याचं ऐकिवात नाही. चालकाने खिडकीतून मान काढून हसतमुखाने सांगितलं, "घ्या की आत, झाडच हाय!" आम्ही घेतली. झाडच होतं. पण सबंध झाड होतं.

आणि मग आहुपे आलं. रस्ता इथे संपतो. पुढे कडा, आणि कड्याखाली थेट कोकण. मुरबाडचा मुलूख, गोरखगडाचा सुळका, सिद्धगड. खाली उतरणारी आहुपे घाटाची वाट पायी उतरायची. सह्याद्रीच्या अशा वाटांवरून पूर्वी बैलांच्या पाठीवर माल चढायचा आणि उतरायचा. बैलाला वाटेत चरे पडत, पण ते आपोआप भरून येत. सेल्फ-हीलिंग म्हणून त्याचे कुणी वेगळे पैसे घेत नसे.

इथवर रस्त्याने केलेलं नुकसान मोजलं तर बॉनेटच्या कडेला एक टवका आणि दारांवर काट्यांच्या काही रेघा. शत्रूने जे करायचं ते करून झालं होतं. आता मित्रपक्ष पुढे आला.

गाडी अंगणात थांबताच वाडीतली माणसं जमली. गाडीवर सगळ्या वाटेची धूळ. "अरं, किती मळलीय!" म्हणत चुलत्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि मोठ्या प्रेमाने, दोन्ही हातांनी, गोल गोल फिरवत बॉनेट पुसायला सुरुवात केली. जाणकार सांगतात की गाडीच्या रंगावर जे कोळ्याच्या जाळ्यासारखे चरे दिसतात ते बहुतेक धुण्यापुसण्यातून येतात. धुळीत दगडाची पूड असते आणि ती क्लिअरकोटपेक्षा कठीण असते. कोरडं फडकं फिरवणं म्हणजे तीच पूड हाताने घासणं. आधी भरपूर पाणी मारून धूळ सोडवावी, मग साबणाच्या पाण्यात मऊ मायक्रोफायबर बुडवून वरून खाली यावं, फडकं वेगळ्या बादलीत पिळावं आणि हे सगळं सावलीत करावं, असं शास्त्र आहे. गृहस्थांना ते तोंडपाठ होतं. पण ज्या चुलत्यांनी लहानपणी खांद्यावर बसवून डोंगर दाखवला, त्यांना 'तात्या, दोन बादल्या लागतात' हे कोणत्या तोंडाने सांगायचं? गृहस्थ म्हणाले, "असू द्या तात्या, मी पुसतो." तात्या म्हणाले, "तू दमून आलायस, बस." आणि जोर वाढवला.

उपरणं पोचलं नाही तिथे पोरं पोचली. एकाने धुळीने माखलेल्या दारावर बोटाने स्वतःचं नाव लिहिलं. नाव लिहिलं, इयत्ता लिहिली, तुकडी लिहायला जागा उरली नाही. गाडी धुतल्यावरही तिरप्या उन्हात ते नाव वाचता येतं. मुलाचं अक्षर चांगलं आहे.

मग तरुण मंडळी फोटोसाठी आली आणि बॉनेटला टेकून उभी राहिली. जीन्सच्या खिशाला धातूच्या रिव्हेट लावायचं पेटंट अमेरिकेत १८७३ साली मिळालं. पुढे मागच्या खिशांवरच्या रिव्हेट खुर्च्यांना आणि घोड्यांच्या खोगिरांना ओरखडे पाडतात अशा तक्रारी आल्या, म्हणून लिव्हाइस कंपनीने १९३७ साली त्या कापडाखाली लपवल्या. जगाने खोगिराची इतकी काळजी केली! आपल्या बाजारात मात्र मागच्या खिशावर रिव्हेट, बक्कल, साखळी आणि कधीकधी पितळी गरुडसुद्धा असतो. टेकलेला प्रत्येक तरुण 'दादाची गाडी' म्हणून अभिमानाने टेकला होता. त्या अभिमानाची खूण अजून आहे.

दुपारी एक म्हैस आली. तिला गाडीबद्दल माया होती असं म्हणवत नाही, पण वैरही नव्हतं. पाठ खाजवायला योग्य उंचीची वस्तू अंगणात उभी आहे एवढंच तिने पाहिलं.

संध्याकाळी गृहस्थांनी शहाणपणा केला. गाडी गावातून हलवून देवराईच्या कडेला, सावलीत लावली. इथे भैरवनाथाची देवराई आहे, जुनी आणि दाट. देवराईतलं पानही तोडायचं नाही हा रिवाज माणसांसाठी आहे. पाखरांना तो वेगळ्या अर्थाने लागू आहे. झाड त्यांचं, फांद्या त्यांच्या, आणि फांदीखाली जे उभं आहे तेही त्यांचंच. पाखरांच्या विष्ठेत युरिक आम्ल असतं. उन्हात क्लिअरकोट तापून किंचित सैल होतो, विष्ठेभोवती बसतो आणि थंड झाला की तिथे कायमचा ठसा उरतो. म्हणून विष्ठा दिसताच ओलं फडकं ठेवून, भिजवून, अलगद उचलावी असं सांगतात. सकाळी गृहस्थ हातात ओलं फडकं घेऊन गाडीजवळ गेले आणि सुरुवात कुठून करावी हे न कळून गाडी तशीच अंगणात परत घेऊन आले. फांदी छाटून टाका असा सल्ला कुणी दिला नाही. गाडीच्या रंगासाठी देवराईला हात लावा म्हणणारा माणूस आंबेगाव तालुक्यात अजून जन्माला यायचा आहे, आणि तो जन्मू नये यासाठी भैरवनाथ समर्थ आहे.

पण या सगळ्यांवर कडी केली ती आत्यांनी. चैत्र-वैशाख म्हणजे या भागात बाळहिरड्याचे दिवस. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरातल्या घराघरांचा हा हक्काचा पैसा. कोवळी फळं काढायची, काळी होईपर्यंत उन्हात वाळवायची आणि व्यापाऱ्याला घालायची. औषधाला जातात. वाळवायला हवी तापणारी, सपाट, कोंबड्यांच्या उंचीपलीकडची जागा. आत्या अंगणात आल्या, बॉनेटवर तळवा ठेवून पाहिला, समाधानाने मान हलवली आणि पाटीभर हिरडा त्यावर पसरला. गृहस्थ धावत आले.

"आत्या, अहो रंग जाईल!"

"कुठं जातोय? आनि गेलाच तर खाली पत्रा हाय न्हवं?"

"पण डाग पडतील ना."

"पडू दे. लोकं पैशे देऊन डाग पाडून घेत्यात. दोन दिसाचं वाळवान एका दिसात व्हतंय, तुझं काय जातंय?"

खरं तर आत्यांचं चुकलं असं छातीठोकपणे म्हणवत नाही. हिरड्यात टॅनिन भरपूर. लोखंडाशी ते भेटलं की काळा रंग धरतो. पूर्वी अशा मिश्रणाची शाई करत आणि कापड रंगवत. आणि बाजारात गंज थांबवण्यासाठी म्हणून बाटलीतून जे द्रावण मिळतं, त्यातल्या कित्येकांत असतं टॅनिक आम्लच. ते गंजाला धरून काळा, टिकाऊ थर करतं. पत्रा उघडा पाडणारा दगड रस्त्याने मारला, आणि त्यावरच्या औषधाची कच्ची सामग्री आत्यांनी पाटीभर आणून टाकली. फक्त डोस जरा जास्त झाला.

परतल्यावर गृहस्थांनी गाडी गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीने भिंग न लावता शवविच्छेदन केलं. दगडाचा टवका एक. तो टच-अपच्या काडीने भरता येतो. गाडीच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर रंगाचा क्रमांक असतो, तो पाहून बाटली आणायची आणि टोकाने एक थेंब सोडायचा. एवढ्यासाठी लांबी भरून अख्खं बॉनेट रंगवून घेऊ नये, कंपनीच्या भट्टीत भाजलेला रंग परत मिळत नाही. विम्याचाही उपयोग नाही. पंधराशे सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला पहिले हजार रुपये आपणच भरायचे असतात आणि वर विनादावा सवलत जाते, जी पहिल्या वर्षाला वीस टक्के असते. "आणि बाकीचे चरे?" गृहस्थांनी विचारलं. रबिंग मारता येतं, मिस्त्री म्हणाला, पण रबिंग म्हणजे चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअरकोट खरवडणं. दर वर्षी माया झाली आणि दर वर्षी रबिंग मारलं तर एक दिवस खरवडायला काही उरणार नाही.

म्हणजे हिशेब असा झाला. एवढ्या रस्त्यावरचे डंपर, खडी, ट्रॉल्या आणि जाळ्या यांनी मिळून जे केलं ते काडीच्या टोकावर मावलं. अंगणात दोन दिवसांत प्रेमाने जे झालं त्याला पॉलिशचं मशीन लागलं. पीपीएफचं सगळं शास्त्र दगडाविरुद्ध उभं आहे. दगड बिचारा कधीमधी भेटतो, भेटला तर एकदाच लागतो आणि निघून जातो. तो गाडीवरून हात फिरवत नाही, पाहुण्यांना बोलावून दाखवत नाही, आणि पुढच्या वेळी येतोस ना म्हणून विचारत नाही.

तरीही गृहस्थांनी फिल्म घातली. अख्ख्या गाडीला, नाकापासून डिकीपर्यंत. मग दुकानदाराने सांगितलं की फिल्म पिवळी पडू नये, तिच्यावर डाग धरू नयेत म्हणून वरून सिरॅमिक कोटिंग करून घेणं चांगलं. केलं. मग सिरॅमिकवर धूळ बसू नये म्हणून कव्हर आणलं. मग कळलं की धुळीवर घातलेलं कव्हर वाऱ्याने हललं की तेच सँडपेपरचं काम करतं, म्हणून कव्हर घालण्याआधी रोज गाडी धुवायची. आता रंग फिल्मखाली, फिल्म सिरॅमिकखाली, सिरॅमिक कव्हरखाली आणि गृहस्थ बादलीखाली. रंग कुणाला दिसत नाही, पण सुरक्षित आहे. ज्या घरात टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो आणि सोफ्यावर कव्हर, कव्हरवर टॉवेल असतो, त्या घरच्या माणसांना यात नवल वाटलं नाही.

पुढच्या चैत्रात आम्ही पुन्हा आहुप्याला गेलो. वाटेत एक-दोनदा 'टण्' झालं. गृहस्थ शीळ घालत होते. करवंदाची जाळी घासली, त्यांनी 'स्स्स' केलं नाही. एसटी आली तेव्हा तर चालकाने सांगायच्या आत गाडी झाडात घातली. अंगणात तात्यांनी उपरणं काढलं, तेव्हा गृहस्थ स्वतः म्हणाले, "पुसा तात्या, मोकळ्या मनाने पुसा, आता वरून फिल्म आहे." तात्यांना फिल्म म्हणजे काय ते कळेना, म्हणून त्यांनी कोपऱ्यावर नख लावून ती उचलून पाहिली.

दुपारी आत्या पाटी घेऊन आल्या. गृहस्थ अंगणात उभेच होते. आत्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला, मग गृहस्थांकडे पाहिलं.

"तात्या म्हनं, वरनं प्लॅस्टिक घातलंयस?"

"हो आत्या."

"म्हंजी रंगाला आता कायबी व्हत न्हाय?"

"नाही होत."

"मंग गेल्या साली उगा वरडत व्हतास. तवाच घालायचं न्हवं?"

आणि पाटी पालथी झाली. या खेपेला बॉनेटवर माप बसलं नाही, म्हणून उरलेला हिरडा छपरावर गेला.

प्लॅस्टिक नव्वद हजारांचं आहे हे सांगायला गृहस्थांनी तोंड उघडलं होतं. आकडा ऐकून आत्यांनी हिरडा उचलला असता यात शंका नाही. पण मग नव्वद हजारांचं प्लॅस्टिक बघायला अख्खी वाडी आली असती, आणि खरंच लागतं का हाताला, याची प्रत्येकाने आपापली खात्री करून घेतली असती. तात्यांच्या नखाने तर आधीच रस्ता दाखवून ठेवला होता. गृहस्थांनी दोन्ही बाजूंचा हिशेब मनातल्या मनात केला, तोंड मिटलं, आणि एका कडेला दाटीने पडलेला हिरडा नीट पसरून दिला.